मर्डर मिस्ट्री बघितल्यावर स्वतःचं पक्कं मत कसं बनवायचं : ट्रेलरपासून ते मत लिहीपर्यंत, पायरी पायरीने

मर्डर मिस्ट्री बघून आलेल्या कुणालाही विचारा कसा होता सिनेमा, बहुतेक वेळा दोनच उत्तरं मिळतात. एक तर "मला तर अर्ध्यातच कळलं होतं कोणी मारलं ते", नाहीतर "शेवटचा ट्विस्ट काय खतरनाक आहे". दोन्ही उत्तरं खरी असतील, पण सिनेमाबद्दल त्यातून काही कळत नाही. पहिल्या उत्तरातून कळतं की सांगणारा हुशार आहे आणि दुसऱ्यातून कळतं की शेवटची दहा मिनिटं चांगली आहेत, मग मधले दोन तास कसे होते, ते लोक खरे वाटले का, आपल्याला नीट फसवलं की कसंही गुंडाळलं, हे सगळं राहूनच जातं.

माझं म्हणणं सरळ आहे. खुनी ओळखता आला की नाही यावर मर्डर मिस्ट्रीची किंमत ठरवायची नाही, सिनेमा आपल्याशी सचोटीने खेळला का यावर ठरवायची. सगळे पत्ते समोर ठेवून सुद्धा त्याने आपल्याला चकवलं असेल तर तो सिनेमा मोठा, आणि पत्ता बाहीत लपवून ठेवून शेवटी काढला असेल तर कितीही टाळ्या पडू देत, मी त्याला चांगला म्हणणार नाही. आता हे तपासायचं कसं ते खाली क्रमाने लिहिलंय. उदाहरणासाठी मुख्यतः दिग्दर्शक रायन जॉन्सनचा २०१९ चा नाइव्ह्ज आऊट घेतलाय कारण आजच्या काळातली मर्डर मिस्ट्री म्हटलं की तो बऱ्याच जणांनी बघितलेला असतो, आणि काळजी नको, त्यातला खुनी कोण हे इथे कुठेही येणार नाही.

पायरी १ : बघायच्या आधी बाहेरचे पुरावे बाजूला ठेवा

ट्रेलर एकदा बघा आणि पुरे. त्याचे तुकडे करून एकेक फ्रेम समजावणारे व्हिडिओ असतात ते तर अजिबात नको. कास्टची पूर्ण यादी पण वाचू नका, कारण मर्डर मिस्ट्रीत सगळ्यात जास्त खुनी पकडले जातात ते पुराव्यावरून नाही, तर "एवढा मोठा नट एवढ्याशा रोलसाठी कशाला घेतला असेल" या विचारावरून. हा तर्क बरोबर निघतो पुष्कळदा, पण तो कथेच्या आतला तर्क नाही ना, तो निर्मात्याच्या बजेटवरून काढलेला अंदाज आहे.

असंच एक मजेशीर उदाहरण स्वतः रायन जॉन्सननेच २०२० मध्ये एका मुलाखतीत सांगितलं होतं, की ॲपल कंपनी सिनेमात आयफोन वापरू देते पण व्हिलनच्या हातात तो कॅमेऱ्यासमोर दिसलेला त्यांना चालत नाही. झालं, तेव्हापासून लोक मर्डर मिस्ट्री बघताना कोणाच्या हातात कुठला फोन आहे तेच बघत बसतात. गंमत म्हणून ठीक आहे, पण असं करून खुनी ओळखलात तर "प्रेडिक्टेबल होता" असं लिहायचा हक्क तुम्हाला राहत नाही असं मला मनापासून वाटतं.

घरी बघणार असाल तर अजून एक गोष्ट. स्ट्रीमिंगवर पुढे-मागे करताना खालच्या पट्टीवर छोटी छोटी चित्रं दिसतात त्यात शेवटचा सीन उघडा पडू शकतो, त्यामुळे मागे जायचंच असेल तर दहा सेकंदांचं बटण वापरा, पट्टी ओढू नका.

पायरी २ : पहिल्या तासात सिनेमाची जात ओळखा

ही पायरी लोक सोडतात आणि मग चुकीच्या कारणासाठी सिनेमाला शिव्या घालतात. सगळ्याच मर्डर मिस्ट्री "कोणी मारलं" या प्रश्नावर चालत नाहीत. काहींमध्ये कोणी मारलं ते सुरुवातीलाच दाखवतात आणि प्रश्न असतो की तो पकडला कसा जाणार. हा प्रकार नवा नाही, ऑस्टिन फ्रीमन नावाच्या इंग्रज लेखकाने १९१२ च्या कथासंग्रहात आधी गुन्हा पूर्ण दाखवून मग तपास दाखवायचा प्रयोग केला होता आणि टीव्हीवर कोलंबो या डिटेक्टिव्ह मालिकेने तोच साचा घराघरात नेला. तिसरा प्रकार असतो "का मारलं" चा, तिथे खुनी माहीत असूनसुद्धा माणूस कळत नाही.

आता "कसा पकडला जाणार" वाल्या सिनेमाला तुम्ही "सस्पेन्स आधीच फोडला" म्हणून दोष दिलात तर तो दोष सिनेमाचा नाही. सस्पेन्स सिनेमांचा दिग्दर्शक हिचकॉक याने फ्रेंच दिग्दर्शक त्रुफोला दिलेल्या त्या प्रसिद्ध मुलाखतीत हा फरक समजावलाय, की टेबलाखाली बॉम्ब आहे हे प्रेक्षकाला माहीत नसेल तर स्फोट झाल्यावर पंधरा सेकंदांचा धक्का मिळतो, पण माहीत असेल तर तीच साधी गप्पांची बैठक पंधरा मिनिटं श्वास रोखून बघावी लागते. धक्का आणि ताण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि सिनेमा यातलं काय द्यायला बघतोय हे आधी ठरवा, मग त्याच मापाने मोजा.

नाइव्ह्ज आऊटची खरी करामत इथेच आहे आणि एवढं सांगितल्याने मजा जात नाही म्हणून सांगते. श्रीमंत रहस्यकथा लेखक हार्लन थ्रॉम्बी त्याच्या पंच्याऐंशीव्या वाढदिवसाच्या रात्री मरतो, डिटेक्टिव्ह बेन्वा ब्लां येतो, सगळे नातेवाईक संशयित, म्हणजे अगदी जुन्या पद्धतीची मांडणी. आणि मग पहिल्या तासातच सिनेमा आपल्याला त्या रात्री वरच्या खोलीत काय झालं असं वाटतंय ते दाखवून टाकतो आणि आपण एकदम बाजू बदलतो, "खुनी सापडू दे" वरून "ही नर्स मुलगी सापडू नको दे" वर येतो. म्हणजे हा सिनेमा एका जातीचा म्हणून सुरू होतो, मध्ये दुसरीच जात घेतो आणि शेवटी परत पहिल्याकडे येतो. हे ज्याच्या लक्षात आलं नाही तो म्हणणार मध्ये सिनेमा पडला, आणि ज्याच्या लक्षात आलं त्याला कळणार की मधला भाग वेगळ्याच कारणासाठी बघायचाय.

पायरी ३ : पहिल्यांदा बघताना "दिसलं" आणि "सांगितलं" वेगळं ठेवा

पहिल्या वेळी वही घेऊन बसू नका. खरंच नको, सिनेमाची मजा जाते आणि लिहिताना मान खाली गेली की नेमका तोच शॉट निघून जातो. फोन लांब ठेवा. डोक्यात फक्त तीन-चार गोष्टी चालू असू देत. घर कसं आहे, जिने दारं खिडक्या कुठे, कुठून कुठे जाता येतं. वेळा, म्हणजे कोण किती वाजता कुठे होतं. जागेवर नसलेली एखादी वस्तू. आणि सगळ्यात महत्त्वाचं, कुठली गोष्ट आपण कॅमेऱ्याने बघितली आणि कुठली फक्त कोणाच्या तोंडून ऐकली.

शेवटच्या मुद्द्यावर जरा थांबते कारण मत बनवताना सगळ्यात जास्त उपयोग याचाच होतो.

नाइव्ह्ज आऊटच्या सुरुवातीला घरातल्या एकेकाला खुर्चीत बसवून पार्टीच्या रात्रीबद्दल विचारतात, मागे सुऱ्यांचं ते भलंमोठं चक्र दिसतंय. माणूस बोलायला लागला की पार्टी दिसायला लागते, तोच म्हातारा, तोच केक, त्याच मेणबत्त्या, पण म्हाताऱ्याच्या शेजारी मानाच्या जागेवर कोण उभं आहे ते बोलणाऱ्यागणिक बदलतं. कोणी त्याबद्दल अवाक्षर काढत नाही. प्रत्येकजण स्वतःला म्हाताऱ्याच्या जवळचा समजतोय एवढं त्या एका शॉटमध्ये कळतं, आणि त्याचबरोबर दिग्दर्शक आपल्याला गुपचूप एक नियम पण शिकवतोय, की या सिनेमात कोणाच्या आठवणीत दिसलेलं चित्र म्हणजे घडलेलं सत्य असेलच असं नाही. त्याच चौकशीत पुढे उलटं पण होतं, धाकटा मुलगा वॉल्ट तोंडाने सगळं कसं छान चाललं होतं ते सांगतो आणि पडद्यावर मात्र म्हातारा त्याला प्रकाशनाच्या कामातून काढून टाकताना दिसतो. म्हणजे चित्र कधी माणसाच्या डोक्यातलं आहे आणि कधी खरोखर घडलेलं, हे ओळखायची सवय सिनेमा आपल्याला पहिल्या वीस-पंचवीस मिनिटांतच लावतो. नंतर जो मोठा चकवा येतो तो याच जागेवर येतो, आणि म्हणूनच तो चकवा मला पटतो, कारण सूचना आधी दिलेली होती.

सूचना न देता असं केलं तर काय होतं याचं पण उदाहरण आहे. हिचकॉकच्याच १९५० च्या एका सिनेमात (नाव मुद्दाम देत नाही, अजून बघितला नसेल तर मजा जाईल) एक फ्लॅशबॅक पुढे चक्क खोटा निघतो. तेव्हा प्रेक्षक चिडले आणि पुढे त्याने स्वतःच त्रुफोजवळ कबूल केलं की ते करायला नको होतं. एवढा मोठा दिग्दर्शक सुद्धा तिथे अडकला म्हणजे ही रेघ किती महत्त्वाची आहे बघा. माणूस खोटं बोलला तर चालतं, कॅमेरा खोटं बोलला तर आधी इशारा पाहिजे.

पायरी ४ : उलगडा सुरू व्हायच्या आधी थांबा

प्रत्येक मर्डर मिस्ट्रीत एक क्षण येतो, डिटेक्टिव्ह सगळ्यांना एका खोलीत जमवतो किंवा खिडकीबाहेर बघत एकदम गप्प होतो आणि संगीत बदलतं. घरी असाल तर तिथे पॉज करा. थिएटरमध्ये असाल तर मनातल्या मनात करा. एलरी क्वीन या नावाने निघालेल्या सुरुवातीच्या रहस्य कादंबऱ्यांमध्ये, म्हणजे १९२९ पासून पुढच्या, गोष्ट मध्येच थांबवून वाचकाला खुलं आव्हान दिलेलं असायचं की आता सगळे धागे तुमच्याकडे आहेत, सोडवा. सिनेमा असं सांगत नाही, आपणच आपल्याला सांगायचं.

पॉज केल्यावर कोण, कसं, का आणि कशावरून, या चार प्रश्नांची उत्तरं द्या. पहिल्या तीनची उत्तरं कोणीही फेकतो, चौथ्यावर गाडी अडते. "तो मला पहिल्यापासून विचित्र वाटत होता" हे कशावरून चं उत्तर होत नाही. "त्याने सांगितलं तो बाहेरून आला पण त्याचे बूट कोरडे होते" हे उत्तर आहे. चौथ्या प्रश्नाचं उत्तर देता आलं तरच तुम्ही खुनी ओळखला असं म्हणा, नाहीतर तो अंदाज होता. पाच संशयितांपैकी एकावर बोट ठेवलं तर पाचातून एकदा ते बरोबर पडणारच की, आणि मनात तीन जणांवर संशय घेऊन ठेवला तर शेवटी "मला माहीतच होतं" म्हणता येतंच येतं.

पायरी ५ : उलगडा झाला, आता तो तपासा

इथे जुने नियम कामाला येतात. रॉनल्ड नॉक्स नावाचे धर्मगुरू होते, रहस्यकथा पण लिहायचे, त्यांनी १९२९ मध्ये रहस्यकथेचे दहा नियम मांडले होते. गुन्हेगार गोष्टीत सुरुवातीलाच यायला हवा, भूतखेत किंवा दैवी शक्ती चालणार नाही, गुप्त वाट एकापेक्षा जास्त नको, योगायोगाने डिटेक्टिव्हचं काम व्हायला नको, त्याला सापडलेला धागा त्याने वाचकापासून लपवायचा नाही, जुळं भावंड आणायचं असेल तर आधी तयारी केलेली पाहिजे, असं सगळं. यातले काही नियम नंतरच्या लोकांनी मोडले आणि मोडून सुद्धा उत्तम गोष्टी लिहिल्या, त्यामुळे ते पाठ करून सिनेमाला मार्क द्यायची गरज नाही. पण त्यांच्या मागे जी भावना आहे ती आजही शंभर टक्के लागू पडते, ती म्हणजे प्रेक्षकाला संधी मिळाली पाहिजे.

मी उलगड्यानंतर आधी हे बघते की उत्तरासाठी लागणारी प्रत्येक गोष्ट आधी एकदा तरी दिसली होती का. मग बघते की खुन्याने जे केलं ते त्या माणसाला जमण्यासारखं आणि त्याने करण्यासारखं होतं का, कारण दोन तास भित्रा दाखवलेला माणूस शेवटच्या दहा मिनिटांत एकदम थंड डोक्याचा राक्षस होतो तेव्हा तो ट्विस्ट नसतो, तिथे लेखकाला खुनी बदलायचा होता एवढंच असतं. आणि मग सगळ्यात कडक परीक्षा, खुनी बदलून बघायची. मनात दुसरा कोणीतरी खुनी ठेवा आणि सिनेमा तसाच चालतोय का बघा. आरामात चालत असेल तर धागे ढिले आहेत, ते कोणाकडेच नेत नव्हते, दिग्दर्शकाने शेवटी कोणाचं तरी नाव घेतलं इतकंच.

ही परीक्षा हवेतली नाही बरं का. १९८५ मध्ये क्लू नावाचा विनोदी मर्डर मिस्ट्री सिनेमा आला होता, बोर्डगेमवरून बनवलेला, त्याचे तीन वेगवेगळे शेवट होते आणि वेगवेगळ्या थिएटरमध्ये वेगवेगळा शेवट दाखवला गेला. विनोदी सिनेमा म्हणून मला तो फार आवडतो, पण कोडं म्हणून बघितलं तर तीन शेवट चालतात याचाच अर्थ कोणताही एक शेवट भाग पडत नाही. गंभीरपणे कोडं घालणाऱ्या सिनेमाने मात्र एकच उत्तर भाग पाडलं पाहिजे, आणि ते उत्तर ऐकल्यावर "अरे हो की" असं तोंडातून निघालं पाहिजे, "असं कसं" नाही.

अजून एक, उलगडा कसा सांगितला तेही बघा. वीस मिनिटं एकजण उभा राहून बोलतोय आणि बाकीचे माना वळवतायत, हे पुस्तकात चालतं, सिनेमात ते दाखवावं लागतं.

पायरी ६ : त्याच रात्री मत टाकू नका, आणि जमलं तर दुसऱ्यांदा बघा

बाहेर पडल्यावर धक्का ताजा असतो तेव्हा सगळे सिनेमे आहेत त्यापेक्षा चांगले किंवा आहेत त्यापेक्षा वाईट वाटतात. त्या रात्री फक्त चार ओळी स्वतःसाठी लिहून ठेवा, काय आठवतंय, कुठे कंटाळा आला, कोणता चेहरा डोळ्यासमोरून जात नाहीये. मग एक-दोन दिवस जाऊ द्या.

दुसऱ्यांदा बघताना पद्धत पूर्ण बदला. आता वही घ्या. आता बोलणाऱ्याकडे बघू नका, ऐकणाऱ्याकडे बघा. खुनी माहीत आहे तर प्रत्येक सीनमध्ये फक्त त्याच्याकडे बघा, तो कॅमेऱ्याच्या कडेला असेल, पाठमोरा असेल, पण चांगल्या सिनेमात तो नट तिथे सुद्धा दोन भूमिका एकदम करत असतो, एक बाकीच्यांसाठी आणि एक दुसऱ्यांदा बघणाऱ्यासाठी. दिग्दर्शकाने कुठे फसवलं नसेल तर खुन्याच्या प्रत्येक वाक्याचे दोन अर्थ लागतील. आवाजाकडे पण लक्ष द्या, आणि जो आवाज यायला हवा होता पण आला नाही त्याच्याकडे सुद्धा, कुत्रा रात्री का भुंकला नाही ही शेरलॉक होम्सच्या १८९२ च्या गोष्टीतली युक्ती आजही वापरली जाते, नाइव्ह्ज आऊटमध्ये पण घरात कुत्री आहेत आणि ती उगाच ठेवलेली नाहीत. एकदा तरी मूळ भाषेत सबटायटल लावून बघा, डबिंगमध्ये उच्चारांवर बेतलेले धागे पुसले जातात.

दुसऱ्यांदा बघताना सिनेमा कंटाळवाणा झाला तर त्यात फक्त कोडं होतं असं समजा. दुसऱ्यांदा जास्त आवडला तर तिथे कोड्यापेक्षा जास्त काहीतरी आहे, आणि ते काय आहे तेच तुमच्या मतात यायला हवं.

पायरी ७ : खून बाजूला ठेवून सिनेमा कशाबद्दल आहे ते शोधा

आताच्या मर्डर मिस्ट्री नुसत्या कोड्यासाठी बनत नाहीत. नाइव्ह्ज आऊटमध्ये मार्टा ही हार्लनची नर्स आहे आणि घरातले सगळे तिला "तू तर घरचीच" म्हणत असतात. पण ती मूळची कुठल्या देशाची हे कोणालाच धड माहीत नाही, एकजण इक्वेडोर म्हणतो, दुसरा पॅराग्वे, तिसरा उरुग्वे, एकाच्या बोलण्यात ब्राझील येतं, आणि सिनेमा कोणालाही थांबवून दुरुस्त करत नाही. पार्टीत स्थलांतरितांवरून वाद चालू असतो तेव्हा जावई रिचर्ड तिला मुद्दाम बोलावतो, तुमच्यासारख्या कष्टाळू लोकांबद्दल आमचं काही म्हणणं नाही अशा सुरात तिचं कौतुक करतो, आणि बोलता बोलता आपल्या हातातली प्लेट तिच्या हातात देतो. ती नर्स आहे, वाढपी नाही. त्याला आपण काय केलं ते कळत पण नाही. दोन-तीन सेकंदांची गोष्ट आहे, खुनाच्या तपासाशी तिचा काही संबंध नाही, पण सगळं कुटुंब त्या प्लेटमध्ये कळतं आणि मृत्युपत्राचा सीन येतो तेव्हा कोणाचा चेहरा कसा बदलणार ते आपल्याला आधीच कळलेलं असतं.

अशी एखादी प्लेट प्रत्येक चांगल्या सिनेमात सापडते, ती शोधा. मत लिहिताना "सामाजिक भाष्य आहे" हे तीन शब्द लिहू नका, ती प्लेट लिहा.

इथेच मी आणखी दोन गोष्टी बघते. मेलेला माणूस माणूस होता की नुसता मृतदेह? ज्याच्यासाठी एवढा तपास चाललाय तो गेल्याचं कोणाला तरी वाईट वाटलं पाहिजे, निदान आपल्याला तरी, हार्लन म्हणून ख्रिस्तोफर प्लमर थोडाच वेळ दिसतो पण घरात त्याची उणीव शेवटपर्यंत जाणवते. दुसरं म्हणजे फोन, सीसीटीव्ही, लोकेशन या सगळ्याचं काय केलं. दर वेळी नेटवर्क गेलं म्हणून सांगणं हा आळस आहे. याच मालिकेतला दुसरा सिनेमा, २०२२ चा ग्लास अनियन, लॉकडाऊनच्या काळात एका ग्रीक बेटावर घडतो, म्हणजे सगळ्यांना एका जागी अडकवायला त्याने खरंखुरं जग वापरलं, ते मला पटलं.

पायरी ८ : गोष्ट आधीच माहीत असेल तर

पुस्तकावरून बनलेल्या मर्डर मिस्ट्रीत खुनी माहीत असतोच, मग मत कशावर बनवायचं? अगाथा ख्रिस्तीची ओरिएंट एक्सप्रेसची कादंबरी १९३४ ची, तिच्यावर १९७४ मध्ये सिडनी ल्युमेटने आणि २०१७ मध्ये केनेथ ब्रॅनाने सिनेमा केला. उत्तर दोन्हीकडे तेच. तेव्हा एकच सीन दोघांनी कसा केला ते लावून बघा. १९७४ मध्ये अभिनेत्री इन्ग्रिड बर्गमनची चौकशी कॅमेरा न तोडता एकाच लांबलचक शॉटमध्ये घेतलीय, चेहऱ्यावरून नजर हटवायची सोयच नाही, छोटीशी भूमिका आणि तिला ऑस्कर मिळालं. असं एक दृश्य समोरासमोर ठेवून लिहिलेलं मत "पुस्तकच चांगलं होतं" पेक्षा कितीतरी कामाचं.

आणि शेवट मोकळा सोडला असेल तर चिडायच्या आधी एवढं बघा की दोन्ही अर्थांना सिनेमात आधार आहे का. श्रीराम राघवनचा अंधाधुन, २०१८ चा, सुरू होतो तो कोबीच्या शेतातला ससा आणि बंदूक घेतलेला माणूस यांच्यापासून, गोष्टीशी काही संबंध नाही असं वाटतं, आणि शेवटी तोच ससा हिशेबात येतो. लोक अजून भांडतात त्या शेवटावर, आणि दोन्ही बाजूंना दाखवायला शॉट आहेत. असा मोकळा शेवट मला मान्य आहे. लेखकाला उत्तर सुचलं नाही म्हणून मोकळा सोडलेला लगेच ओळखू येतो, तिथे भांडायला मालच नसतो.

पायरी ९ : मत लिहिताना

लंडनमध्ये १९५२ पासून चालणाऱ्या माउसट्रॅप नाटकात शेवटी प्रेक्षकांना सांगतात की खुनी कोण ते बाहेर सांगू नका, आणि हिचकॉकने १९६० मध्ये सायकोच्या वेळी सिनेमा सुरू झाल्यावर कोणालाच आत सोडायचं नाही असा आग्रह धरला होता. एवढी काळजी बनवणारे घेतात तर आपण पण घ्यायला हवी. नाव न घेता सुद्धा मजा घालवता येते हे लक्षात ठेवा. "तुम्हाला वाटेल तो खुनी नाहीये", "अमुकने कमाल काम केलंय, का ते शेवटी कळेल", "पहिला सीन नीट बघा", या प्रत्येक वाक्याने वाचणारा भलतीकडे नजर लावून बसतो. शेवटी ट्विस्ट आहे एवढं सांगणं सुद्धा जास्तच झालं.

तक्रार करायची असेल तर ती पण स्पॉयलर न देता करता येते. "उलगड्याला लागणारी मुख्य माहिती शेवटच्या पंधरा मिनिटांत पहिल्यांदा येते", "दोन संशयितांना संशय घेण्यापुरता सुद्धा वेळ दिलेला नाही", "तपास पुढे जातो तो दोनदा निव्वळ योगायोगाने". वाचणाऱ्याला सगळं कळतं आणि काही फुटत पण नाही. सुरुवातीलाच सांगून टाका की तुम्हाला कुठल्या जातीची मिस्ट्री आवडते, म्हणजे तुमचं मत कसं वाचायचं ते त्याला ठरवता येतं. स्टार द्यायचे तर द्या, पण आधी मत लिहा आणि मग स्टार, उलटं केलं की मत स्टारला साजेसं लिहिलं जातं.

हे सगळं लावून नाइव्ह्ज आऊटबद्दल माझं मत असं आहे. हा सिनेमा सचोटीने खेळतो, दुसऱ्यांदा जास्त आवडतो, आणि खोटं बोललं की उलटी होते असली मुलगी मध्यभागी ठेवून त्याने डिटेक्टिव्हला फसवायची नेहमीची सोयच काढून घेतली ही कल्पना मला अजूनही फार मोठी वाटते. अना दे आर्मासने मार्टाची भीती इतकी खरी केलीय की कोडं विसरून तिच्यासाठी जीव खालीवर होतो. तक्रारी पण आहेत, गाडीच्या पाठलागाचा भाग सैल आहे, नातवंडांपैकी जेकबसारखी पात्रं एका ओळीत संपतात, त्यांच्यावर संशय घ्यावा असं काही ठेवलेलंच नाही, आणि शेवटी बेन्वा ब्लां जरा जास्तच वेळ बोलतो, डॅनियल क्रेग ते रंगवून बोलतो म्हणून निभावलं.

कोणाला हे पटणार नाही. अशा वेळी "तुला कळलाच नाही सिनेमा" वर जाऊ नका, समोरच्याला विचारा की नेमका कुठला शॉट, आणि तो शॉट दोघांनी परत लावून बघा. माझ्या अनुभवात निम्मे वाद तिथेच मिटतात कारण एकाने तो शॉट बघितलेलाच नसतो, आणि उरलेले मिटत नाहीत, मग पुढचा शॉट लावायचा.